वन्सं, मला बेटावर का नेलंत?

वन्सं,

तुमच्या अस्थी गॅरेजमध्ये आहेत. घरात ठेवायच्या नसतात म्हणून तुमच्या भावानं तिथं वरच्या फळीवर ठेवल्यात, तुमच्या त्या डायव्हिंगच्या काळ्या बॅगेशेजारी. बॅग कुणी हलवलेली नाही. फेब्रुवारीत आपण दोघी बेटावरून परत आलो तेव्हा तुम्हीच ती तिथं ठेवलीत आणि म्हणालात, "राहू दे इथंच, परत लागेल." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं. आता मी तुमचं एकही वाक्य सोडत नाही. एकेक काढते, उलटं करून बघते. परत लागेल म्हणणारी बाई पुढच्या महिन्यात अशी कशी निघून जाते? का तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि मला गप्प ठेवायला म्हणून तसं बोललात?

परवा तेरावं झालं. तुमच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली, मंडळातल्या बायका येऊन गेल्या. जो तो सांगत होता, उज्ज्वलाताईंनी माझ्यासाठी हे केलं, ते केलं. मी पोळ्या लाटत ऐकत होते. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती ज्यांना विचारायची त्याच नव्हत्या. वन्सं, मला का नेलंत तुम्ही? घरात तुमचा सख्खा भाऊ होता, पाण्याला न भिणारी भाची होती. त्यांना सोडून आठवी शिकलेली, पोहता न येणारी, विमानात बसलं की पोट धरून बसणारी भावजय तुम्ही सुट्टीला बरोबर नेलीत. कुणी नेतं का?

गुरुवारी तुमचे भाऊ अस्थी घेऊन भारतात चाललेत. मिरजेला सासूबाई वाट बघतायत. तिथून वाडीला, कृष्णेत. सगळं ठरलंय. आणि मला आतून वाटतंय की हे चुकतंय. पण कशावरून, ते सांगता येत नाही. कारण तुम्ही जे सांगणार होता ते मीच सांगू दिलं नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. शाळा आठवीत सुटली माझी. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि पोरीला एकटीला एसटीनं पाठवायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे मला कुणी सांगितलं नाही. जून आला, भावांची दप्तरं आली, माझं आलं नाही. मी दोन दिवस वाट बघितली, मग आपोआप कळलं. तेव्हापासून मला वाटतं, माणसं आपल्याबद्दल मागं काहीतरी ठरवत असतात आणि आपल्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून कुणी चांगलं वागलं की मी आधी बघते, याच्या मागं काय आहे.

आणि तुम्ही तर चांगलंच वागत राहिलात. तुम्ही भावाचे कागद केलेत, इतकी वर्षं वाट बघितलीत, आम्हाला इथं आणलंत. मिनियापोलिसच्या विमानतळावर तीन कोट हातात घेऊन उभ्या होता. माझा कोट मला इतका नेमका बसला की मी घाबरले. माझं माप यांना कुणी दिलं? घरी आल्यावर बाथरूमची कडी लावून मी त्याचे खिसे उलटे केले. म्हटलं, कुणाचा तरी उतरलेला असणार, एखादं तिकीट नाहीतर चुरगळलेला कागद सापडेल. आतल्या खिशात हातमोजे सापडले. कोरे, माझ्या हाताचे. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई एक दिवस याच्या बदल्यात काहीतरी मोठं मागणार. मग मी वाट बघायला लागले. ईशाला तुम्ही शाळेत घातलंत, मला बर्फात गाडी चालवायला शिकवलंत, इंडियन स्टोअरच्या किचनमध्ये कामाला लावलंत. आणि मागितलं काहीच नाहीत. ते मला जास्त जड गेलं. मागितलं असतं तर देऊन मोकळी झाले असते.

एक मागितलं होतंत म्हणा. "मला वन्सं म्हणू नकोस गं बाई. जुन्या नाटकातल्या खाष्ट नणंदेसारखं वाटतं. ताई म्हण, नाहीतर सरळ उज्ज्वला म्हण."

"नावानं कसं म्हणू?"

"तोंडानं म्हण. अमेरिकेत कुणी दंड करत नाही."

मी काही बदलले नाही. नणंदेला वन्सं म्हटलं की कोण कुठं उभं आहे ते कळतं. ताई म्हटलं असतं तर मला तुमच्या किती जवळ यायची मुभा आहे तेच कळलं नसतं. हा वाद आपला तसाच राहिला. आता मी मनातसुद्धा ताई म्हणून बघते, पण जीभ वळत नाही.

तुमच्या त्या डायव्हिंगवरही घरातल्या सगळ्यांचं लक्ष होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दरवर्षी थंडी टोकाला गेली, गोठलेल्या तळ्यांवरून माणसं गाड्या न्यायला लागली, की तुम्ही आठवडाभर एकट्या त्या बेटावर जायचात. बोनेर. लग्न न केलेली बाई, दरवर्षी त्याच बेटावर, त्याच आठवड्यात. सासूबाई फोनवर मला हळूच विचारायच्या, "तिथं कोण आहे गं तिचं?" तुमचे भाऊ म्हणायचे, "असेल कोणीतरी. आपल्याला काय करायचंय." पण तुम्ही परत आलात की तुमच्या तोंडाकडं ते बघत बसायचे.

आणि यावर्षी तुम्ही स्टोअरच्या काउंटरपाशी आलात, हातात मेथीची जुडी, आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "शोभा, पासपोर्ट कुठाय तुझा?"

मला वाटलं, झालं. परत पाठवतायत.

"का वन्सं? काय झालं?"

"फेब्रुवारीत माझ्याबरोबर चल. समुद्र बघ."

"मी? कशाला?"

"कशाला म्हणजे? सुट्टी आहे. सुट्टीला कशाला असतं का?"

घरी सांगितलं तर तुमचे भाऊ जेवता जेवता थांबले. म्हणाले, "ताई मनात काही असल्याशिवाय करत नाही. जा तू. पण डोळे उघडे ठेव." ईशा म्हणाली, "ओ माय गॉड, पप्पा, शी इज जस्ट बीइंग नाइस!" पोरीचा जन्म तिकडचा, पण वाढली इथं. तिला माणूस नुसता चांगला असू शकतो असं वाटतं.

मी डोळे उघडे ठेवले. आणि तिथं तर संशय घ्यायला काही कमी नव्हतं. पहिल्याच सकाळी तुम्ही भाड्याचा ट्रक घेतलात, मागं हवेच्या टाक्या टाकल्यात, समुद्राच्या कडेला एका पिवळ्या रंगवलेल्या दगडापाशी थांबलात, आणि गाडीच्या काचा खाली करून दारं उघडी ठेवलीत.

"लॉक करा की वन्सं."

"इथं लॉक करायचं नसतं. आत काही ठेवायचं नाही आणि गाडी उघडी टाकायची. म्हणजे चोर बघतो, काही नाही म्हणतो आणि जातो. निदान काच तरी फोडत नाही."

सगळी माणसं चोराची अशी सोय करून निवांत पाण्यात जातात, हे मला काही पटलं नाही. मी म्हटलं, मी बसते गाडीपाशी. माझी पर्स पोटाशी धरून त्या उन्हात मी बसले. आणि मग तो आला.

रूडी. तुमच्याहून मोठा, साठीचा असेल, पांढरे केस मागं बांधलेले, हात असे की एका हातात टाकी उचलायचा. तुम्हाला "उज" म्हणाला. तुमच्या चहात साखर अर्धा चमचा हे त्याला माहीत. थर्मासमधून ओतून तुम्हाला दिला आणि माझ्याकडं बघून विचारलं, किती? मी म्हटलं, नको. मला दोन चमचे लागतात. पण ज्याचं पाणी कुठलं ते माहीत नाही त्याचा चहा मी पीत नाही.

मग तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलात. त्यानं तुमच्या खांद्यावरचे पट्टे ओढून बघितले. कमरेचं बक्कल दाबलं. टाकी हलवली, तोंडात धरायची नळी तुम्हाला ओढायला लावली. मग तुम्ही त्याचं तसंच सगळं. मी दगडावर बसून बघतेय. आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचा पदरसुद्धा सारखा करत नाही. मी मनात म्हटलं, सासूबाई, मिळालं उत्तर.

वर आल्यावर मी विचारलंच. "तो एवढं ओढून काय बघतो?"

तुम्ही केस पुसत होता. "मी जिवंत परत येईन का ते बघतो."

"आणि तुम्ही?"

"तो येईल का ते. पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं. आणि जायच्या आधी एकमेकांचं सगळं तपासायचं. दर वेळी."

"इतकी वर्षं बरोबर जाताय, अजून भरवसा नाही?"

"अगं, भरवसा आहे म्हणून तर तपासायचं. ज्याच्यावर नाही त्याच्याबरोबर उतरायचं कशाला?" मग माझ्याकडं बघून हसलात. "तुला झकास जमेल हे. तू काय, सगळ्यांचंच तपासत असतेस."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. मी तुमच्या बोलण्याचे, तुमच्या दिलेल्या वस्तूंचे खिसे उलटे करते हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तुम्ही ते हसून चालवून घेत होता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी वरमले, आणि वरमल्यावर माझा संशय आणखी वाढला. इतकं माहीत असून ही बाई मला इतक्या लांब घेऊन येते म्हणजे नक्की काहीतरी आहे.

मग रूडीची बायको कळली. त्याला बायको होती! तिनं आपल्याला जेवायला बोलावलं, मला मिठी मारली, तुम्हाला आत नेऊन नवे पडदे दाखवले. तुम्ही दोघी बहिणींसारख्या हसत होता. मी माशाचे काटे काढत बघत होते, ही इतकी हसते कशाला? हिला माहीत आहे का, आणि माहीत असून हसते का? परत येताना गाडीत मी खिडकीबाहेरच बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "शोभा, विचार की सरळ."

"काय विचारू?"

"जे पोटात घेऊन बसलीयेस ते."

मी म्हटलं, "मासा बरा होता." तुम्ही इतक्या हसलात की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तेव्हाच विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, असं आता वाटतं. कदाचित नसतंही. कोण जाणे.

एक मात्र मी मान्य करते, वन्सं. त्या पाण्याचं. आमच्या गावात विहिरीत पोरं उड्या मारायची आणि पोरी काठावर धुणं धुवायच्या. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा पाणी म्हणजे घागर. पाण्यात तोंड घालायचं असतं, आत बघण्यासारखं काही असतं, हे मला कोण सांगणार? तुम्ही मला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलंत, तोंडावर तो काचेचा मास्क बसवलात आणि म्हणालात, "फक्त तोंड घाल. हात मी सोडत नाही."

सोडत नाही म्हणणारी माणसं सोडतात हे मी पुष्कळदा बघितलंय. मी तुमचं मनगट असं धरलं होतं की नंतर तिथं माझ्या बोटांचे वळ उठले. पण तोंड घातलं. खाली निळाहिरवा मासा दगड कुरतडत होता, आणि त्याचा आवाज येत होता. पापड चावल्यासारखा. मी वर येऊन ओरडले, "वन्सं, खातोय तो! ऐकू येतंय!" तुम्ही म्हणालात, "हो गं, मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी पाण्यात रडले होते. मास्कमध्ये रडलं की फार पंचाईत होते." मी परत तोंड घातलं. किती वेळ ते माहीत नाही. हात तुम्ही सोडला नाहीत. इतकं काही कुणी मला दाखवलेलं नाही, वन्सं. हे तुम्हाला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? "पाठ भाजली."

आणि मग ती दुपार. शेवटच्या आदल्या दिवसाची. तुम्ही एकदा पाण्यात जाऊन आला होता, दुसऱ्यांदा जायच्या आधी वर बसून राहावं लागतं म्हणून आपण त्या दगडांवर बसलो होतो. रूडी टाक्या बदलायला गेला होता. मी पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळ्या केल्या होत्या. त्या बेटावर गाढवं मोकळी हिंडतात. त्यातलं एक येऊन आपल्या डब्याकडं बघत उभं होतं. तुम्ही अर्धी गुंडाळी खाल्लीत, समुद्राकडं बघत बसलात आणि म्हणालात,

"शोभा, उद्या मला काही झालं तर..."

"वन्सं!" मी हातातली पोळी खाली ठेवली. "भर दुपारी काय बोलताय! असं तोंडातनं काढू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"इथं कुठली वास्तू? चार दगड आणि एक गाढव."

"मग गाढव म्हणेल तथास्तु."

तुम्ही हसलात. मीही हसले. उरलेली पोळी तुम्ही त्या गाढवाला दिलीत. रूडी आला, तुम्ही पट्टे चढवलेत आणि गेलात. वाक्य तिथंच राहिलं.

मी किती शहाणपण केलं असं वाटलं मला. लहानपणापासून हेच शिकलोय आपण. दवाखान्यात निघालेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवतो आपण. मरणाचं नाव काढलं तर ते ऐकून दारात येईल म्हणतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईनं विचारलं असतं, "काही झालं तर काय?" मी गाढवाचा विनोद केला.

विमानातही एकदा तुम्ही म्हणालात, "ते त्या दिवशी मी काय सांगत होते..." मी पटकन चिवड्याची पिशवी पुढं केली. "घरी गेल्यावर बोलू, वन्सं. हवेत असताना नको." घरी आल्यावर बर्फ काढणं, स्टोअर, ईशाची परीक्षा. तुम्ही परत विषय काढला नाहीत. मीही नाही. मनात म्हटलं, टळलं.

मग तो रविवार. ईशाचं गणित घ्यायला तुम्ही खाली येणार होता. आला नाहीत म्हणून मी वर आले. बाकीचं मी लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय, एका क्षणात, आधी कळण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर असंच म्हणणार. बेटावर रोज सकाळी तुम्ही एक पांढरी गोळी घ्यायचात. मी विचारलं तर "व्हिटॅमिन" म्हणालात. ती बाटली मी शोधली, ईशाकडून वाचून घेतली. व्हिटॅमिनच लिहिलंय. ईशा म्हणाली, "आई, स्टॉप. प्लीज." पण बाटली एक आणि आतली गोळी दुसरी, असं असू शकतं की नाही? मी एक गोळी चाखूनसुद्धा बघितली. काही कळलं नाही.

कारण तुम्हाला माहीत असेल तर सगळंच बदलतं, वन्सं. माहीत असून मला नेलं असेल तर का? पाण्यात काही झालं तर काठावर घरचं कुणी असावं म्हणून? मग मी सोबतीण होते का राखणदार? का पोहता न येणारी मुद्दाम निवडलीत, कारण ती मागं उडी मारणार नाही, ओरडेल फक्त? का तुम्हाला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि घरात सगळ्यांत गप्प बसणारी मी, म्हणून मला? आणि नेमकं तिनंच तुम्हाला गप्प केलं.

गेल्या आठवड्यात रूडीचा फोन आला, तुमच्याच मोबाइलवर. तुमचा निरोप नाही म्हणून काळजीनं केलेला. तुमच्या भावानं उचलला, मग ईशाकडं दिला. पोरीनं सांगितलं. मग त्यानं काहीतरी विचारलं, आणि ईशा माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, ही इज आस्किंग... अस्थी तिकडे आणणार का."

तुमचे भाऊ उठले. "तिकडे म्हणजे? कोण हा? तुला ठाऊक होतं?"

मी ईशाला म्हटलं, त्याला विचार, वन्सं तुला तसं म्हणाल्या होत्या का? ईशानं विचारलं. तो म्हणाला, नाही. उजनं मला असं कधी काही सांगितलं नाही. मीच आपला विचारतोय.

वन्सं, तो हो म्हणाला असता तर कुणी पडताळायला जाणार नव्हतं. त्याला तुम्ही तिथं हव्या होता हे आवाजातच कळत होतं. तरी नाही म्हणाला. त्याच्यावरचा अर्धा संशय मला तिथंच टाकून द्यावा लागला. अर्धा अजून आहे.

तेव्हापासून तुमचे भाऊ माझ्याकडं बघतात तसं मी तुमच्याकडं बघायची. जेवताना मध्येच म्हणतात, "तिनं तुला काय सांगितलंय ते सांग." मी म्हणते, काही नाही. त्यांना ते खरं वाटत नाही. का वाटावं?

आज सकाळी ते गॅरेजमध्ये बॅग भरत होते. मी दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, थोड्या इथं ठेवा."

"काय?"

"वन्सं. सगळ्या नेऊ नका. थोड्या मी बेटावर घेऊन जाते."

त्यांनी हातातला टॉवेल खाली टाकला. "म्हणजे ताई तसं म्हणाली होती. बघ! मी म्हणत होतो ना?"

नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. तुमचं नाव घेतलं की या घरात पुढं कुणी बोलत नाही, आजही नाही. माझी मान अर्धी खाली गेलीसुद्धा होती.

"नाही," मी म्हटलं. "त्या काहीतरी म्हणत होत्या. मी बोलू दिलं नाही. अशुभ म्हणून."

"मग हे कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय."

वन्सं, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. रागानं नाही. ओळख पटत नाही तसं. "तू एकटी जाणार? विमानानं? आणि पाण्यात कोण, तो?"

"तो खाली जाईल. मी कमरेपर्यंत जाईन. परवानगी लागते का, ते त्यालाच विचारू."

"आईला कोण सांगणार? लेक गेली म्हातारीची. तिला अर्धी लेक पाठवू?"

मी म्हटलं, "मी सांगते," आणि धीर जायच्या आत तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती, मागं कुठंतरी आरती चालू होती. मी सगळं सांगितलं. बेट, पाणी, मासे, रूडी. काही लपवलं नाही. माझा श्वास संपेपर्यंत बोलले.

सासूबाई म्हणाल्या, "तुला म्हणाली होती का ती तसं? खरं सांग."

परत तेच. आणि या वेळी खोटं बोलणं हे पुण्यच झालं असतं. त्या माउलीला लेकीची इच्छा म्हणून सांगितलं असतं तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"नाही, आई. मला काही झालं तर, एवढंच म्हणाल्या. मी पुढं बोलू दिलं नाही."

पलीकडे आरती थांबली. किंवा त्यांनी दार लावलं असेल.

"मलाबी म्हणाली होती," सासूबाई म्हणाल्या. "संक्रांतीला. आई, मला काही झालं तर, म्हणाली. मी फोनच ठेवला. म्हटलं, सणाच्या दिवशी काय बोलते ही. परत केला तर तिळगुळाचं बोलले मी."

मी गॅरेजच्या पायरीवर बसले. तुमचे भाऊ जवळ येऊन उभे राहिले, फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू जात होता.

म्हणजे संक्रांतीला. तिकिटं काढायच्या आधी. म्हणजे तुम्ही आधी आईला सांगून बघितलंत, आणि आई ऐकेना म्हणून मला घेऊन गेलात, इतक्या लांब, जिथं दार नाही, फोन नाही. हे मला आता पक्कं वाटतंय. आणि पक्कं वाटतंय म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

"आई, काय म्हणायचं असेल हो त्यांना?"

"तू सांग. तू होतीस तिथं."

मग आम्ही दोघी बोललो. तुम्हाला काय झालं असेल, कधी कळलं असेल, भीती वाटली असेल का, एकट्या असताना काय करत असाल. ज्या ज्या गोष्टी तोंडातून काढायच्या नसतात त्या सगळ्या. सासूबाई मोठ्यानं रडल्या आणि मीही. एकदा त्या तुमच्यावर चिडल्यासुद्धा, "एवढी शिकलेली, दोनदा मी ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा फोन करता येत नव्हता?" तुमचे भाऊ पायरीवर माझ्याशेजारी बसून ऐकत होते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वाटणीची माझ्याकडं पाठव. उरलेली तू ने. आणि तिला पाण्यात सोडशील तेव्हा उज्ज्वला म्हणून हाक मार, तुझं ते वन्सं-फिन्सं नको. तिला आवडायचं नाही ते, मला सांगितलंय तिनं."

"बरं."

"आणि शोभा."

"काय?"

"तो बाप्या कोण, ते आता तरी खरं सांग."

"मला नाही ठाऊक, आई," मी म्हटलं. "जाऊन आले की सांगते."